बटणावरची काळी पट्टी

“मग हा देवीचा कोप न्हाई, तर काय म्हणायचं ह्याला, तात्या?”

 तात्याबुवा चौरंगाच्या पायावर काचपेपर फिरवीत होते. दोनदा फिरवला, अंगठ्याने लाकूड चाचपले आणि पुन्हा फिरवू लागले.

वेदगंगेच्या काठी एक लहानसा मठ आहे. त्याच्या मागच्या अंगणात फणसाखाली तात्याबुवांची पडवी होती. चाळीस वर्षे त्यांनी सुतारकाम केले आणि पुष्कळांना ते शिकवले. पत्नी निवर्तल्यावर ते मठात आले आणि त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत मठाची सीमा ओलांडायची नाही. त्या गोष्टीला बारा वर्षे होऊन गेली होती. मठाला लागणारे पाट, चौरंग आणि खडावा ते करून देत, आणि येईल त्याच्याशी मोजके बोलत.

समोर बसलेला केरबा सुतार हा त्यांचाच शिष्य. नदीपलीकडच्या गावात त्याचा कारखाना होता. नऊ माणसे त्याच्या हाताखाली राबत. एरवी तो आला की मठाच्या दारापासूनच त्याचा आवाज ऐकू येई. आज तो कोणाच्याही नकळत येऊन बसला होता. मांडीशी गोणपाटात गुंडाळलेले एक गाठोडे होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सुतार-लोहारांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होते.

“ऐकताय न्हवं, तात्या?”

“ऐकतो आहे. कोप कोणावर?”

“आमच्या घरावर.”

“घराची बोटं तुटली का?”

केरबाने मान खाली घातली.

“सगळी हकीकत सांग,” तात्याबुवा म्हणाले.

“साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक हाय ती.”

“पंचक्रोशीनं मला सांगितली. तू नाही सांगितलीस.”

…

केरबाने सांगितले, ते असे.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला त्याने घरातल्या पाटावर नवे वस्त्र अंथरून हत्यारे मांडली. रंधा, पटाशी, वाकस, करवत, आणि मधोमध त्याच वर्षी घेतलेला कटर. बॅटरीवर चालणारी, गोल पात्याची ती करवत. वायर नाही, वीज नाही. उचलावी आणि लाकडाला लावावी. पूजेला त्याची पत्नी शेवंता बसली. तिने हळदकुंकू वाहिले. मग झेंडूचा हार घेऊन ती कटरला घालू लागली. हार पात्यामागे अडकला, म्हणून तिने डाव्या हाताने मूठ धरली आणि उजव्या हाताने हार ओढला.

“आणि मशीन आपोआप सुरू झालं, तात्या.”

“आपोआप.”

“व्हय. झेंडूच्या पाकळ्या आढ्यापर्यंत उडाल्या. मला वाटलं, हारच तुटला… मग पाटावरचं वस्त्र बघितलं.”

उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. तर्जनी आणि मधले.

तात्याबुवांच्या हातातला काचपेपर थांबला.

शेवंतेची ती बोटे त्यांना ठाऊक होती. केरबा शिकत असता ती त्याची भाकरी घेऊन येई. एकदा तिने सहज एका पाटावरून बोटे फिरवली आणि म्हणाली, “इथं जरा खरबरीत लागतंय.” केरबा हसला होता. तात्याबुवांनी पाट उजेडात धरला, तेव्हा केसाएवढी रेघ निघाली. त्या दिवशी ते म्हणाले होते, “केरबा, लाकूड तुझ्यापेक्षा हिच्या बोटांना अधिक कळतं.” पुढे केरबाच्या कारखान्यातले एकही कपाट शेवंतेने हात फिरवल्यावाचून बाहेर पडत नसे.

“आता कपाटावरून हात कोण फिरवतं?” त्यांनी विचारले.

“कोण न्हाई.”

“ती काय करते?”

“दिवस मोजती.”

तात्याबुवांनी वर पाहिले.

केरबाला ते सांगणे जड गेले. तो दुसरीकडे पाहत म्हणाला, “आई म्हणती, शेवंताची अडचण होती. चार दिवस पुरे व्हायच्या आत ती हत्यारांना शिवली, म्हणून देवी कोपली. शेवंता म्हणती, पुरे झाले होते. मग म्हणती, झाले होते का? मग बोटांवर मोजती. त्या हातावर मोजाय गेली की चुकतं… मग परत पहिल्यापासनं.”

“वर्षभर?”

“वर्षभर. देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाई तिनं.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? आईपुढं…”

“शेवंतेला काय म्हणालास?”



…

केरबाने गाठोड्यावर हात ठेवला.

“उद्या नवमी. हे घरात नको वाटतंय. बंधाऱ्यावरनं डोहात सोडून देतो. तेवढा एखादा मंत्र सांगा. विधी पुरा झाला की देवी शांत होईल, शेवंताबी शांत होईल.”

“नदीला सुतारकाम करायचं आहे का?”

“तात्या, चेष्टा करू नका.”

“चेष्टा तू करतो आहेस. ते पाणी खालची तीन गावं पितात. बॅटरी कुजली की तिच्यातलं विष कोणाच्या घागरीत जाईल, याचा विचार केलास?” त्यांनी काचपेपर बाजूला ठेवला. “सोड ते गाठोडं. दाखव.”

केरबाने गोणपाट उलगडले. कटर दोन्ही हातांनी उचलला आणि गुरूंपुढे धरला.

तात्याबुवांनी आपले दोन्ही हात मागे घेऊन मांडीवर ठेवले.

केरबा तसाच यंत्र पुढे धरून राहिला. मग त्याला आठवले. तात्याबुवांपाशी हत्यार कोणी कोणाच्या हातात देत नसे. देणाऱ्याने ते जमिनीवर ठेवावे, हात काढून घ्यावा. मगच दुसऱ्याने उचलावे. वयाच्या सोळाव्या वर्षी हे विसरला, म्हणून दिवसभर त्याला नुसता भुसा झाडावा लागला होता.

त्याने कटर जमिनीवर ठेवला.

पाते स्वच्छ पुसलेले होते. पण त्याच्या मुळाशी, जिथे ते फिरते, तिथे हाराचा दोरा अजून गुंडाळलेला होता. वर्षभरात तो काळा पडला होता. त्यात झेंडूचा एक वाळका देठ होता.

“तो दोरा का ठेवलास?”

“हात धजला न्हाई.”

“आता काढ.”

केरबा पुढे वाकला. डाव्या हाताने त्याने मूठ धरली आणि उजव्या हाताची बोटे पात्याच्या मुळाशी नेली.

तात्याबुवांची मूठ त्याच्या मनगटावर इतक्या जोरात पडली, की तो कळवळला.

“थांब.”

“काय झालं?”

“तू कसा बसला आहेस, ते बघ.”

केरबाने पाहिले. डावा हात मुठीवर. उजवा पात्याशी. बॅटरी जागच्या जागी.

वर्षापूर्वी शेवंता अशीच बसली होती.

“तात्या, ही बॅटरी कधीच मेली असंल,” तो घाईघाईने म्हणाला. “वर्षभर चार्जिंगला लावली न्हाई. त्या दिवसापासनं हात न्हाई लावला हिला.”

“बाहेर काढ.”

त्याने खटका दाबून बॅटरी काढली.

“तिच्या अंगावर लहान बटण आहे. दाब.”

त्याने दाबले. बॅटरीवर चार दिव्यांची ओळ होती.

तीन दिवे हिरवे लागले.

केरबाने बॅटरी हळूच खाली ठेवली. यंत्रापासून हातभर लांब. मग ती उचलून आणखी लांब ठेवली.

…

“रंधा कसा ठेवायचा?” तात्याबुवांनी विचारले.

इतक्या वर्षांनी हा प्रश्न पुन्हा कानांवर आला, तशी केरबाची पाठ आपोआप ताठ झाली.

“कुशीवर आडवा.”

“वाकस?”

“धार भुशात.”

“करवत?”

“दाते भिंतीकडं.”

“पटाशी?”

“फळीच्या खाचेत, टोक खाली.”

“आणि हे?”

केरबाने कटरकडे पाहिले.  त्याच्या आवाजात जुना ताठा आला.

“हे तुम्ही शिकवलं न्हाई.”

“खरं आहे,” तात्याबुवा म्हणाले.

ते इतक्या सरळपणे म्हणाले, की केरबा ओशाळला.

“म्हंजे… तुमच्या वेळंला हे नव्हतंच. तुमचा काय दोष?”

“दोषाचं मागाहून पाहू. मुठीजवळ ते बटण आहे, ते कशाला आहे?”

“लॉकचं. आधी अंगठ्यानं ते दाबायचं, मग बोटानं घोडा ओढायचा. दोन्ही एकदम केल्याबिगर पातं फिरत न्हाई.”

“म्हणजे कोणाचा हात चुकून लागला, तर?”

“फिरत न्हाई.”

“आणि पात्याखालचं ते झाकण?”

“लाकडातनं पातं बाहेर आलं की ते आपसूक बंद होतं. बोट जाऊ नये म्हणून.”

“छान केलं आहे करणाऱ्यानं,” तात्याबुवा म्हणाले. “मग आपोआप कसं सुरू झालं, केरबा?”

लॉकच्या बटणावर काळी पट्टी गुंडाळलेली होती. वायरीचे जोड झाकायला वापरतात, तीच. तिने बटण कायमचे दाबून धरले होते. त्याच पट्टीचे दोन फेरे पुढे जाऊन पात्याचे झाकण वर ओढून बांधलेले होते.

“ही पट्टी कोणी लावली?”

बाहेर घंटा झाली. मठात दुपारचा नैवेद्य चालला होता. 

“कारखान्यात नऊ जण हायत…” केरबाने सुरुवात केली.

तात्याबुवा वाट पाहत राहिले.

“…मी.”

“का?”

“दिवसातनं शंभरदा ते बटण दाबायचं. अंगठा दुखायचा. झाकण अरुंद कापाला आड यायचं. म्हटलं, मला कशाला पाहिजे हे? हे शिकाऊ माणसाला. माझा हात काय आज बसलाय?”

“तुझा हात चांगलाच आहे.”

“व्हय.”

“पूजेला तुझा हात नव्हता.”

केरबाने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकले. बोलला, तेव्हा आवाज तळव्यांतूनच आला.

“तिनं इचारलं होतं, तात्या.”

“काय?”

“हार घालायच्या आधी. ‘बॅटरी काढायची का हो?’ असं म्हणाली. भीती वाटती म्हणाली. आणि मी… चार माणसं बसली होती… मी म्हणालो, ‘त्याचा प्राण काढून पूजा करतीस व्हय? मढ्याला कोण हार घालतं?’ सगळी हसली. तीबी हसली. आणि घातला हार.”

…

तात्याबुवांनी पटाशी उचलली आणि तिच्या टोकाने पट्टीचे एक तोंड सोडवले. मग पटाशी जागेवर ठेवून हातानेच ती हळूहळू उलगडली. झाकण खटकन् खाली येऊन पात्यावर बसले. बटण वर आले. वाळक्या देठासकट हाराचा दोरा त्यांनी काढून बाजूला ठेवला.

वीतभर पट्टी त्यांच्या तळहातावर राहिली.

“हे शेवंतेला माहीत आहे?”

“पट्टीचं? न्हाई. तिला काय कळतंय मशीनमधलं. मी तिला नुसतं…”

“तिला बॅटरी काढायचं कळत होतं.”

केरबाने पात्यावर बसलेल्या झाकणाकडे पाहिले.

“म्हणजे वर्षभर ती बोटांवर दिवस मोजते आहे, आणि तू बघतो आहेस.”

“कितींदा तोंडाशी आलं, तात्या. जेवायला वाढती, डाव्या हातानं. भाकरी मोडता येत न्हाई तिला नीट. तेव्हा वाटतं, सांगावं. मग वाटतं, आता सांगून बोटं येणार हायत का? आईला वाटतंय देवीचा कोप, तर वाटू दे. माणसं म्हणतील, केरबा मेस्त्री, एवढा मोठा कारागीर, आणि पट्टी लावून…”

त्याने पंजाने तोंड पुसले.

“तुम्हीच सांगा, आता बोलून काय उपयोग?”

 तात्याबुवा पट्टीकडे पाहत होते.

“ही मी आज पाहिली नाही,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“गेल्या वर्षी श्रावणात तू हे यंत्र दाखवायला आला होतास. आठवतं?”

केरबाला आठवत होते. मठात त्या दिवशी गर्दी होती. त्याने सगळ्यांसमोर सागाची फळी ठेवली. तात्याबुवांना म्हणाला, तुम्ही पाणी पिऊन या. ते तांब्या खाली ठेवतात न ठेवतात, तोच फळीचे चार तुकडे झाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग केरबाने गुरूंची करवत हातात घेतली. ज्या करवतीवर तो स्वतः शिकला, ती. “तात्या, ही आता भिंतीला टांगा. शोभा येईल,” तो म्हणाला होता. सगळे हसले. तात्याबुवाही हसले होते.

“तू फळी कापत होतास,” तात्याबुवा म्हणाले, “तेव्हा मी तुझ्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा काहीच दाबत नव्हता. मग बटणावरची पट्टी दिसली. झाकण बांधलेलं दिसलं. मला त्या यंत्रातलं फारसं कळत नाही. पण बांधून ठेवलेलं झाकण पाहिलं, की सुताराला कळतं.”

केरबा त्यांच्याकडे पाहतच राहिला.

“तुम्हांला दिसलं होतं?”

“हो.”

“आणि गप्प बसलात?”

“करवत भिंतीला टांगली, आणि आत जाऊन बसलो.”

“का?”

“मला वाटलं, विचारील. आज ना उद्या येईल आणि विचारील, तात्या, माझं काही चुकतंय का. तू विचारीपर्यंत सांगायचं नाही, असं ठरवलं.” ते थांबले. “नवमीपर्यंत वाट पाहिली.”

केरबा उठून उभा राहिला. 

“एक शब्द, तात्या. एक शब्द बोलला असता, तर तिची बोटं आज जाग्यावर असती! ह्या वयात, ह्या मठात बसून तुम्ही… तुम्ही गुरू, की कोण?”

“त्या दिवशी? रुसलेला म्हातारा.”

केरबाच्या रागाला जागाच राहिली नाही. तो पडवीच्या खांबाला टेकला आणि खांबावरून घसरत खाली बसला.

भिंतीवर करवत टांगलेली होती. तिचे दाते भिंतीकडे होते.

“ही हकीकत माझ्या कानांवर आली,” तात्याबुवा म्हणाले, “तेव्हा मठातल्या कोणीतरी विचारलं, असं कसं झालं? मीही म्हणालो… कोप, दुसरं काय.”

…

नैवेद्य आटोपला. पंक्तीसाठी कोणी हाक मारली. दोघांपैकी कोणी उठले नाही.

“शेवंता आता घरी असेल?” तात्याबुवांनी विचारले.

“हाय. पाट मांडायचाय उद्याचा. आई म्हणती, ह्या वर्षी शेवंतानं लांबच बसावं.”

तात्याबुवांनी काळी पट्टी उपरण्याच्या टोकात बांधली. काठी घेतली. खांबाला धरून ते उठले आणि अंगणात उतरले.

केरबाला वाटले, पंक्तीला निघाले. पण ते मठाकडे वळले नाहीत. फणस ओलांडून ते नदीच्या वाटेला लागले, आणि मठाच्या सीमेचा शेंदूर लावलेला दगड आहे तिथपर्यंत जाऊन थांबले. बारा वर्षांत ते त्या दगडाच्या अलीकडूनच परतत असत.

केरबा धावत आला. त्याच्या एका हातात कटर होता, दुसऱ्या हातात बॅटरी.

“तात्या, पुढं जाऊ नका! तुमचं व्रत… मी सांगतो तिला. आजच सांगतो, शपथ घेतो. तुम्ही कशाला व्रत मोडताय?”

“तुझं तू सांगशील. माझं कोण सांगणार?”

“मी सांगतो की तुमचंबी.”

“नको.”

तात्याबुवांनी काठी दगडापलीकडे टेकवली. पाऊल उचलले, क्षणभर ते तसेच अधांतरी राहिले. मग पलीकडे टेकले. दुसरेही.

केरबा दगडाच्या अलीकडेच उभा होता. त्याला काही सुचेना. त्याने कटर पुढे केला, मग दचकून थांबला, आणि वाकून तो गुरूंच्या पायांशी जमिनीवर ठेवला. हात काढून घेतला.

तात्याबुवांनी वाकून यंत्र उचलले.

“बॅटरी तुझ्याजवळच राहू दे,” ते म्हणाले. “आणि माझ्या मागून येऊ नकोस. दोन पावलं पुढं चाल… तिला आधी तुझं तोंड दिसलं पाहिजे.”